मासळीच्या तराजूवरचं बीजगणित

मथुताई खांबेटे आल्यागेल्याला "पाणी खाता का?" असं विचारायच्या. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात. मथुताईंचा जन्म भवानीपुरातला, शाळा-कॉलेजही तिथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीतही पाणी खाल्लंच जायचं. त्यांचे वडील तरुणपणी कोकणातून गार्डन रीचच्या जहाजांच्या कारखान्यात नकाशे काढायला आले आणि परत गेले नाहीत. घरात मराठी टिकली, पण ती चार भिंतींच्या आतली, बाहेरची हवा न लागलेली. त्यात लिंगांचा तर पार गोंधळ. "माझा छत्री कुठे गेला?" असं त्या वर्गाच्या दारात उभ्या राहून मला विचारत, कारण वर्गात मराठी समजणारी मी एकटीच होते.

माझ्या वडिलांची रेल्वेच्या गार्डन रीचमधल्या कचेरीत बदली झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. नागपूरहून नुकतीच आलेली, मराठीची फुशारकी असलेली. मी त्यांना सुधारलं. म्हटलं, छत्री माझी, माझा नाही. मथुताईंनी जराही वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाल्या, "माझी, माझी. पण छत्री बाई आहे हे ठरवलं कोणी? म्हणून तर मी गणित घेतला. आकड्यांना लिंग नसतं."

गणित घेतलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

त्या तेव्हा चाळिशीच्या आसपास असाव्यात. लग्न झालेलं नव्हतं, का झालेलं नव्हतं ते कोणी विचारत नसे. थोरल्या भावाच्या घरी राहायच्या. पांढरी, बारीक काठाची तांताची, म्हणजे हातमागाची साडी, पण नेसण आपली मराठी. दोन्ही हातांत दोन कापडी पिशव्या. एकच जड पिशवी धरली की खांदा उतरतो म्हणून शाळेतून निघताना त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबत, दोन्ही पिशव्या उचलून अंदाज घेत आणि एकीतली वही काढून दुसरीत टाकत. शाळेतल्या मुली मागून त्यांची नक्कल करायच्या. मीही केली आहे.

आमची शाळा भवानीपुरातली, फक्त मुलींची. बंगाली मुली जास्त, त्यांच्यात गुजराती, मद्रासी आणि मी. सगळ्या त्यांना मथुदी म्हणत. सातवीला बीजगणिताची सुरुवात व्हायची, आणि ती सुरुवात करून देणं हे मथुताईंचं काम. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक्स लिहिला नाही. म्हणाल्या, एक्सला बघून मुली घाबरतात आणि घाबरलेलं माणूस आधी उत्तर शोधतं, मग प्रश्न. त्यांनी त्याचं नाव ठेवलं पाहुणा. आपल्या घरी कोणी आलं आहे, बाहेरच्या खोलीत सगळे गप्पा मारताहेत, त्या गलक्यात ते कोण हे कळत नाही. मग करायचं काय? बाकीच्यांना एकेक करून उठवायचं. पाहुणा एकटा बसला की तो आपणहून सांगतो मी कोण ते.

"पण एक अट," त्या म्हणत. "ह्या खोलीतून दोघांना उठवलं तर त्या खोलीतूनही दोघांनाच उठवायचं. दोन्हीकडे सारखं."

हे 'दोन्हीकडे सारखं' त्या दिवसातून दहादा म्हणत. दोन मुलींचं भांडण सोडवताना म्हणत, पेरू कापताना म्हणत.

माझ्या आईला बीजगणित त्यांनीच शिकवलं. आई चौथीपर्यंत शिकलेली. कलकत्त्याला आल्यापासून ती क्वार्टरच्या बाहेर पडायला बिचकायची, बंगाली येत नाही म्हणून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी बायका आमच्याकडे जमल्या होत्या, मथुताईही आल्या होत्या. गप्पा संपत आल्यावर त्यांनी सगळ्यांना मनात एक आकडा धरायला सांगितला. त्याची दुप्पट करा, दहा मिळवा, निम्मे करा, धरलेला आकडा काढून टाका. मग त्यांनी सगळ्यांचं उत्तर एकदमच सांगितलं : पाच. बायका हसल्या, जादू म्हणाल्या, तिळगूळ घेऊन घरोघर गेल्या. आई मात्र तिथेच अडली. सगळ्यांचं पाच कसं? प्रत्येकीने वेगळा आकडा धरला होता.

मथुताई तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेल्या. फडताळातून लाडवांचा डबा काढला, झाकण न उघडता तिच्यापुढे ठेवला. ह्यात किती लाडू आहेत ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नको, म्हणाल्या. असा दुसरा तेवढाच भरलेला डबा शेजारी आहे असं समजा. वर दहा लाडू सुटे. आता ह्यातले निम्मे मला द्या.

आई विचार करून म्हणाली, एक डबा आणि पाच सुटे.

डबा परत घ्या.

आईने डबा उचलला आणि तशीच उभी राहिली. मी दारात होते. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे डब्यात किती होते ह्याच्याशी काही संबंधच नाही," ती म्हणाली. "तो आला तसा निघून जातो."

"हेच," मथुताई म्हणाल्या. "हेच मी मुलींना एक महिना शिकवतो."

त्या 'शिकवतो'ला आई हसली नाही. पुढे मथुताई महिन्यातून दोनदा तरी आमच्याकडे यायच्या आणि आई त्यांच्याकडून एकेक कोडं मागून घ्यायची. बाबांना हे पसंत नव्हतं. ते म्हणत, बाई चांगली आहे, पण हा सगळा खेळ झाला. परीक्षेत काय लाडवांचे डबे देणार आहेत? त्यांनी मला रविवारी समोर बसवून रीतसर पद्धत शिकवली. चार इकडून तिकडे गेले की चिन्ह बदलतं. अधिकचं वजा, गुणिलेचं भागिले. दोन ओळींत उत्तर. मला ते फार आवडलं. एकदा वर्गात मी तसं उदाहरण सोडवलं तेव्हा मथुताई वही बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चार तिकडे गेले खरे. पण का गेले? कोणी नेले?" मी वहीतल्या त्याच दोन ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

त्याच वर्षी, फाळणीमुळे पूर्व बंगालहून येणाऱ्या लोकांनी सियालदह स्टेशन भरून गेलं होतं. माणसं फलाटावरच चूल मांडत. अशाच एका कुटुंबातली शेफाली आमच्या शाळेत आली. वय चौदा, म्हणजे आमच्याहून दोन वर्षांनी मोठी, अंगावर कोणाचा तरी, तिला मोठा होणारा फ्रॉक. तिच्याकडे आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. दाखला घराबरोबर मागे राहिला होता. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळ्याजणी बडदी म्हणत, त्या दाखल्याशिवाय घ्यायला तयार नव्हत्या. मथुताईंनी तिची जामीनकी घेतली. वार्षिक तपासणीपर्यंत बसू द्या, तोपर्यंत सातवीची योग्यता दिसली नाही तर काढून टाका, असं ठरलं. ही सगळी बोलणी दाराशी शेफालीच्या देखत झाली आणि ती जमिनीकडे बघत उभी होती.

ती वर्गात बोलायचीच नाही. तिची बोली इथल्या बंगालीहून वेगळी, तोंड उघडलं की मुली हसायच्या. तीन आठवडे गेले आणि मग मथुताईंनी तराजू आणला.

तो मासळीबाजारातला होता. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या मासेवालीने नवा घेतला तेव्हा तिचा जुना त्यांनी मागून आणला. दांडीला मधोमध दोरी, दोन्ही बाजूंना पत्र्याची पारडी. राखेने, चिंचेने घासूनही वास काही पुरता गेला नव्हता. एका मुलीने नाकाला रुमाल लावला, मीही लावला, कारण आमच्या घरी मासळी वर्ज्य होती आणि मला ते सगळ्यांना दाखवायचं होतं. मथुताईंचे भाऊ हावड्याच्या एका कारखान्यात होते. तिथल्या टाकाऊ बेअरिंगमधल्या सारख्या वजनाच्या पोलादी गोळ्या त्यांनी डबाभर आणल्या होत्या. डाव्या पारड्यात दोन शिवलेल्या थैल्या आणि तीन सुट्या गोळ्या. उजव्या पारड्यात अकरा गोळ्या. मथुताईंनी दांडी उचलली, पारडी हलली आणि थांबली.

पाहुणा थैलीत आहे, त्या म्हणाल्या. दोन्ही थैल्यांत सारख्याच गोळ्या आहेत. किती?

माझा हात सगळ्यात आधी वर गेला. दोन्हीकडून तीन उचला, उरल्या आठ, थैलीत चार. मथुताईंनी मान हलवली आणि थैली उघडायला घेतली. तेवढ्यात मागच्या बाकावरून शेफालीने विचारलं, "आणि थैलीचं वजन?"

कोणी तरी हसलं. मथुताईंचा हात थैलीच्या नाडीवरच राहिला. त्यांनी पुन्हा तराजू उचलला, डोळ्यांसमोर धरला, बराच वेळ बघितला. डावं पारडं खरंच केसभर खाली होतं. इतकं थोडं, की निरखून बघितल्याशिवाय दिसलं नसतं. मग त्या मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या.

"इतकी वर्षं मी हे शिकवते," त्या तिला म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं मी चुकत होते. मला कोणी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या घरून तशाच दोन रिकाम्या थैल्या शिवून घेऊन आल्या आणि उजव्या पारड्यात ठेवल्या. दांडी सुईसारखी सरळ झाली. शेफालीला त्यांनी पहिल्या बाकावर आणलं. तिथे आजवर मी एकटी बसत होते. आता आम्ही दोघी. मथुताई शिकवताना बघायच्या ते तिच्याकडे. तिला कळलं की नाही हे बघून पुढे जायच्या. शाळा सुटल्यावर तिला अर्धा तास थांबवून घ्यायच्या. मी खिदिरपूरच्या ट्रामसाठी एकटीच जायला लागले. तोवर मथुताई मला ट्रामपर्यंत पोचवत असत.

शेफाली फार हुशार होती. हे मी आज म्हणते. तेव्हा मला ती हळू वाटायची, कारण ती प्रत्येक उदाहरणाला तराजू काढायची, थैल्या काढायची आणि मग एकेक पायरी अशी चढायची की जणू ती पायरी आपल्याला पेलेल का हे तपासून बघते आहे.

वार्षिक तपासणीला आलेले इन्स्पेक्टर धिप्पाड होते, आवाज मऊ होता. बडदी त्यांच्याबरोबर होत्या. सातवीत बीजगणित कसं चाललं आहे, असं विचारून त्यांनी फळ्यावर लिहिलं : तीन एक्स अधिक चार बरोबर एकोणीस. माझा हात वर होता. मी गेले आणि बाबांच्या रीतीने दोन ओळींत पाच काढले. इन्स्पेक्टर खूष झाले. ही पद्धत कोणी शिकवली असं त्यांनी विचारलं.

माझ्या वडिलांनी, मी म्हटलं.

"आणि इथे वर्गात काय शिकवतात?"

मथुताई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मी म्हटलं, "मथुदी मासळीच्या तराजूत गोळ्या घालतात."

मला ठाऊक होतं की हसतील. वाक्य मी हसण्यासाठीच तसं घडवलं होतं. आधी मुली हसल्या, मग इन्स्पेक्टर, आणि ते हसले म्हणून बडदीही. त्या एका क्षणात मला इतकं बरं वाटलं की ते आठवलं तरी आजही अंगावर काटा येतो.

मग बडदींनी हळूच शेफालीकडे बोट केलं आणि ती दाखल्याची मुलगी हीच असं सांगितलं. तिला उदाहरण मिळालं : पाच एक्स वजा तीन बरोबर सतरा. तिने खडू घेतला आणि तराजू काढायला सुरुवात केली. दांडी, दोन पारडी, डावीकडे पाच थैल्या. आपल्या त्या बोलीत ती हळू आवाजात सांगू लागली, की ह्या पारड्यातून कोणी तरी तीन गोळ्या काढून नेल्या आहेत. त्या आधी परत ठेवू. परत ठेवल्या तर तिकडेही तीन द्यायला हव्यात...

वर्गात पुन्हा हसू फुटलं. मघाचंच हसू ते, अजून पुरतं विरलं नव्हतं. इन्स्पेक्टर म्हणाले, हा चित्रकलेचा तास आहे का? उत्तर लिहा. शेफालीने फळ्याकडे पाहिलं, मथुताईंकडे पाहिलं, आणि खडू खाली ठेवला. वीस आणि पाच थैल्या, थैलीत चार. उत्तर एका वाक्यावर आलं होतं.

मथुताई पुढे आल्या. मुलगी बरोबर चालली आहे, तिला पुरं करू द्या, असं त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि सगळे पुढच्या वर्गाकडे गेले.

पंधरा दिवसांत सातवीचं गणित एका नव्या मास्तरांकडे गेलं. मथुताईंना खालच्या वर्गांचं शिवण आणि पाढे दिले. शेफालीचं नाव हजेरीपटावरून काढलं गेलं. त्या आधीच ती यायची थांबली होती. मथुताई तिला शोधायला दोनदा सियालदहला गेल्या हे मला आईकडून कळलं. पहिल्यांदा ती भेटली. फलाटावर आईबरोबर कोणाची तरी बटणं शिवत बसली होती. मथुताईंनी शिकवायला येते म्हटलं तर ती हो म्हणाली. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा तिथल्या बऱ्याच कुटुंबांना ओरिसातल्या छावणीत हलवलं होतं, आणि कोणत्या छावणीत ते सांगणारं कोणी नव्हतं. आईने हे मला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. वर्गात काय झालं हे तिला ठाऊक नव्हतं. मथुताईंनी तिला सांगितलंच नव्हतं.

मला मात्र एकदा त्यांनी जिन्यात थांबवलं. मला वाटलं, आता बोलतील. आत कुठे तरी मी त्याची वाटच बघत होते. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. ते मनाला लावून घेऊ नकोस."

एवढंच. आणि त्यात लिंगाची एकही चूक नव्हती.

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ओरडल्या असत्या तर मी रडले असते, पाय धरले असते, आणि बाराव्या वर्षी हे सगळं जमतं. त्यांनी मला सोडून दिलं आणि मग मला बोलता येईना. त्या आमच्याकडे येतच राहिल्या, आईला कोडी घालत राहिल्या. त्या आल्या की मी अभ्यासाच्या निमित्ताने आतल्या खोलीत जायची. पुढची तीन वर्षं मी त्याच शाळेत होते. नवे मास्तर बाबांच्याच पद्धतीने शिकवत आणि मला गणितात पहिला नंबर मिळत असे. पलीकडे नेलं की चिन्ह का बदलतं हे मला तरीही सांगता आलं नसतं. ते मला कळलं पुष्कळ वर्षांनी, माझ्या मुलीने विचारलं तेव्हा. तिला सांगायला मी कागदावर दोन पारडी काढली.

मॅट्रिक झाले आणि बाबांची बदली बिलासपूरला झाली. संध्याकाळी हावड्याहून गाडी होती. दुपारी शाळेचा दाखला आणायला मी आणि बाबा गेलो. दाखला हातात पडला तेव्हा मी बाबांना म्हटलं, पाच मिनिटं, मथुदींना भेटून येते. काय बोलायचं ते मी आठवडाभर घोकलं होतं. चारच वाक्यं होती.

त्या दुसऱ्या मजल्यावर तिसरीच्या मुलींना टाके शिकवत होत्या. मुली जमिनीवर बसल्या होत्या आणि मथुताई त्यांच्यात. डोळ्यांवर आता चष्मा होता. एका लहान मुलीच्या रुमालाची कड त्या उसवून देत होत्या, तोंडात दोरा धरलेला. दारात मला पाहून त्यांनी भुवया वर केल्या आणि दोऱ्यामुळे बोलता येईना म्हणून हाताने खूण केली : थांब, येते.

मी थांबले. ती मुलगी काही तरी विचारत होती आणि मथुताई तिला पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागल्या. खालून बाबांनी टॅक्सीचा भोंगा वाजवायला लावला. चार वाक्यांतलं पहिलं मी मनात म्हटलं, आणि ते मला इतकं खोटं वाटलं, इतकं पाठ केलेलं, की मी मागे वळून जिना उतरले.

अंगण ओलांडून फाटकापाशी पोचले तेव्हा वर पाहिलं. मथुताई गॅलरीत आल्या होत्या. कठड्याला एक हात टेकून त्या जिन्याच्या बाजूला बघत होत्या, मग पलीकडच्या वर्गांच्या दारांकडे. मी खाली असेन हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी अगदी समोर उभी होते आणि अंगण रिकामं होतं. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि परत एकदा जिन्याकडे पाहिलं. मग आतून एका मुलीने येऊन त्यांचा पदर ओढला आणि त्या आत गेल्या.